बीटाच्या फोडीची साक्ष

निशातगंजच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांची रांग जिना उतरून खालच्या मजल्यावर गेली होती. हॉलमध्ये गल्लीतल्या बायका होत्या, खालच्या मिठाईवाल्याचं कुटुंब होतं, आणि उत्तरेतल्या या शहरातली आमची मराठी मंडळी तर झाडून सगळी. त्यांतले निम्मे संशोधन संस्थांमध्ये नोकरीला. नावामागे डॉक्टर लावणारे हे लोक मांडी घालून, हात जोडून बसले होते आणि समोर जयसिंग महाराज स्टीलच्या थाळीतून बीटाच्या फोडी वाटत होते.

"बोलो लालजल वाले बाबा की…"

"जय!" डॉक्टरेट मिळवलेले गळे सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

मी वसुधा, कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. हे घर उल्हासचं. उल्हासची सात वर्षांची मुलगी रुचा महिनाभर तापाने फणफणत होती. डॉक्टरांनी सांगितलेली रक्ताची तपासणी राहिली बाजूला, आणि त्याच्या बायकोने, विनयाने, महाराजांना बोलावलं. महाराजांनी औषधं बंद केली आणि निदान सांगितलं, घरातल्याच कुणाची तरी नजर.

घरात बाहेरची म्हणावी अशी एकच होती, विभा. उल्हासच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ हवाई दलात होता, अपघातात गेला, तेव्हापासून ती इथेच. रुचाला रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसायची तीच. विनयाला ते खुपत होतं, आणि आदल्या दिवशी महाराजांपुढे रडताना तिने ते सांगितलंही होतं, हे मला तिच्याच तोंडून कळलं होतं. देवाला अंतर्ज्ञान असतं. महाराजांना विनया होती.

"जिस जिस औरत का हाथ बच्ची को लगता है, वो आगे आए," महाराज म्हणाले. विनया गेली, विभा गेली. मी रुचाला शिकवते, म्हणून मलाही ओढलं. तिघींच्या हातांत काचेच्या वाट्या दिल्या. पाणी घरच्याच फिल्टरचं, उल्हासनेच ओतलेलं, म्हणजे संशयाला जागा नको.

"देखो भाई, पानी तुम्हारा, कटोरी तुम्हारी। बाबा का क्या है? कुछ नहीं! बाबा तो ख़ुद कुछ नहीं है!" एवढं एकच वाक्य त्या दिवशी त्यांच्या तोंडून खरं निघालं. "कंद धरती माता का ख़ून है। नीयत साफ़, तो पानी साफ़। नीयत में खोट, तो ख़ून बोलेगा!"

आधी विनयाच्या वाटीत फोड पडली, मग माझ्या. मग महाराजांनी थाळी शिष्याकडे दिली, मागच्या बर्फाच्या डब्यात हात घातला आणि एक फोड मुठीत बराच वेळ धरून, मंत्र पुटपुटत, विभाच्या वाटीत सोडली.

माझं पाणी स्वच्छ राहिलं. विनयाचंही. विभाच्या वाटीत लाल धागे सुटले, बघता बघता तळ रंगला, आणि थोड्याच वेळात वाटी अशी लाल झाली की बायका किंचाळून मागे सरल्या.

"मी काही केलं नाही हो," विभा म्हणाली. "भावजी, तुम्ही तरी सांगा ना! माझी पोर आहे ती."

भावजी जमिनीकडे बघत होते.

"बाल उतारो, आज ही घर से निकालो," महाराज म्हणाले. "बच्ची बच जाएगी।"

विनया कात्री घेऊन आली. दोघींनी विभाचे हात धरले. त्यांतली एक आमच्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी, जिने मार्चमध्ये स्त्रीशक्तीवर भाषण केलं होतं. मी ओरडले, पण माझ्या गुडघ्यांना उठायला जो वेळ लागतो त्यात कात्रीचं काम झालं. वेणी फरशीवर पडली, कात्री टाळूलाही लागली. कुणीतरी फोटो काढला. आतल्या खोलीतून रुचा "काकू, काकू" हाका मारत होती, तिकडे कुणी गेलं नाही.

मी विभाच्या वाटीत हात घालून ती फोड काढली. लिबलिबीत, शिळ्या भाजीसारखी. माझ्या वाटीतली कडक होती, मोडली तर कट्कन मोडेल अशी. विभाच्या वाटीतलं लाल पाणी ओतून मी फिल्टरचं ताजं घेतलं आणि दोन्ही फोडींची अदलाबदल केली. माझी वाटी लाल व्हायला लागली आणि विभाच्या वाटीतल्या ताज्या पाण्यात काही म्हणता काही होईना.

"आता माझे केस कापा," मी म्हणाले. "आहेत थोडे."

"दोष फैल गया! माताजी को भी लग गया!" महाराज.

"लागू दे. तो डबा इकडे आण."

शिष्य डबा उचलून जिन्याकडे निघाला होता. खालच्या मिठाईवाल्याने त्याला अडवलं. डब्यात बर्फ होता, आणि बर्फात खडेमीठ. मिठाईवाला हसला. "अरे, ये तो हमारी कुल्फी वाला हिसाब है। नमक डालो तो पत्थर जमता है।" बर्फाखाली प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेल्या आणखी फोडी होत्या, दगडासारख्या गोठलेल्या. मी त्यांतली एक महाराजांच्या स्वतःच्या पाण्याच्या पेल्यात टाकली. ती वितळली आणि पेला लाल झाला.

"बाबांची नियत बघा," मी म्हणाले.

मग मी शिकवलं, जसं आयुष्यभर शिकवलं तसं. बीट असंख्य पेशींचं बनलेलं असतं. लाल रंग पेशीच्या आतल्या पिशवीत असतो. त्या पिशवीभोवती एक पटल, आणि सबंध पेशीभोवती आणखी एक, पेशीपटल. स्निग्ध रेणूंचे दोन थर आणि त्यांत बसवलेली प्रथिनांची दारं. पाणी जाऊ द्यायचं, रंग अडवायचा, काय आत घ्यायचं आणि काय बाहेर टाकायचं, हे तेच ठरवतं. म्हणून कापलेली फोड नीट धुतली की ती पाण्यात टाकली तरी पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं. पण तीच फोड गोठवली की आतल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात आणि पटलं फाटतात. वितळल्यावर अडवणारं कुणी उरत नाही, सगळा रंग वाहून जातो. यात नियत नाही, नजर नाही. फाटलेली पटलं आहेत.

एवढं ऐकल्यावर लोक उठले आणि ज्यांनी विभाचे हात धरले होते त्यांनीच महाराजांची दाढी धरली. मला त्यात काडीचा आनंद झाला नाही. अंगात आलेलं तेच होतं, फक्त माणूस बदलला होता. मीच पोलिसांना फोन केला.

हॉल रिकामा झाला तेव्हा विभा भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर कुठे केस, कुठे रक्त.

"उल्हास," मी विचारलं, "तू संस्थेत काय काम करतोस?"

उत्तर मला ठाऊक होतं. तो पेशी गोठवून ठेवण्यावर काम करतो. गोठवताना पेशीपटल फाटू नये म्हणून कोणतं द्रावण किती घालायचं, यावरच त्याची पीएचडी आहे.

"कधी कळलं तुला?"

"पाण्यात पडल्या पडल्या," तो हळूच म्हणाला. "फोड वाकली, तेव्हाच."

"मग?"

"विनयाला वहिनी घरात नको होत्या, ताई. रोजची कटकट. म्हटलं, परस्पर होतंय तर…"

विभाने ते ऐकलं. ती रडली नाही. तिने आत जाऊन रुचाचं कपाळ पुसलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "वसुधाताई, हिची रक्ताची तपासणी आजच करून घ्या. ही माणसं करणार नाहीत." मग ती माझ्या घरी आली आणि दुसऱ्या दिवशी बहिणीकडे नागपूरला गेली. तपासणीत टायफॉइड निघाला. गोळ्यांनी ताप उतरला. विभाने त्या घराशी पुन्हा बोलणं ठेवलं नाही.

महाराजांसारखे लोक अडाण्यांना फसवतात असं आपण म्हणतो आणि निवांत होतो. त्या खोलीत एक माणूस असा होता ज्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्याच्या गप्प बसण्यावरच तो चमत्कार उभा राहिला. विज्ञान शिका, मुलांना शिकवा, पण ते परीक्षेपुरतं ठेवू नका. डोळ्यांसमोर कुणाला चेटकीण ठरवत असतील आणि तुम्हाला खरं माहीत असेल, तर ते त्याच क्षणी, मोठ्याने, घरच्यांसमोर बोला. नंतर माहीत होतं असं सांगणाऱ्याला मी महाराजांपेक्षा खालचा मानते.