चौथी जागा

किल्लीच्या दात्यांत अडकलेली माती वाळून पांढरी पडली होती, अंगठ्याने घासली की पिठासारखी सुटून टेबलावर सांडत होती – म्हणजे खेळपट्टी कोरडी, म्हणजे तिसऱ्या दिवसापासून चेंडू हातभर वळणार, म्हणजे दोन फिरकी गोलंदाज, इतकं सरळ... काल दुपारी मैदानाच्या मधोमध उकिडवं बसून, कपाटाची ही जुनी किल्ली जमिनीत खुपसून, त्याने प्रशिक्षकाला हेच छाती ठोकून सांगितलं होतं. पण रात्रभरात कुठलीही माती वाळतेच की. चिखलही वाळतो. मग या मातीला विचारून काय उपयोग, असं वाटूनही त्याचा अंगठा थांबत नव्हता.

"टेबलावर माती पाडू नका," बायको म्हणाली आणि त्याच्या कपाखालून फडकं फिरवून गेली. चहावर साय धरली होती. ठरलं का, असं तिने पाठमोरीच विचारलं, आणि त्याने ठरलंय म्हटल्यावर ती वळून त्याच्या उजव्या हाताकडे बघत हसली – कारण किल्ली खाली ठेवल्यावर त्याची तर्जनी आणि मधलं बोट रिकाम्या हवेत काहीतरी पिळत होती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी काळजीत पडला की त्याची बोटं ऑफस्पिन टाकायची. लेकीच्या जन्माच्या वेळी बायको आत कळा देत होती तेव्हा दवाखान्याच्या बाकावर त्याने म्हणे अख्खी षटकं टाकली होती, आणि ही गोष्ट घरात अजून पाहुण्यांना सांगितली जाई.

"तो दुसरा फिरकीवाला तुमच्यासारखा आहे, म्हणून तुमचा जीव तुटतो त्याच्यासाठी," बायको म्हणाली. तो म्हणाला, माझ्यासारखा कुठे, तो डावखुरा आहे. ती पुन्हा हसली, आणि आपण काहीतरी बावळटासारखं बोललो एवढं त्याच्या लक्षात आलं. काय ते मात्र कळलं नाही.

गाडी चालवताना तो सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडत राहिला. तो राष्ट्रीय संघाच्या निवड समितीचा प्रमुख. उद्यापासून कसोटी सामना. आणि आज सकाळी मैदानावरच्या खोलीत तिघांनी – कर्णधार, प्रशिक्षक आणि तो – अकरा जण पक्के करायचे. दहांबद्दल वादच नव्हता. दोन वेगवान गोलंदाज ठरलेले, एक लेगस्पिनर ठरलेला. राहिली गोलंदाजांतली चौथी जागा. तिथे तिसरा वेगवान गोलंदाज घ्यायचा की दुसरा फिरकीवाला? तिसरा वेगवान म्हणजे जिराफ – एवढा उंच की दारातून वाकून येतो, आणि चांगल्या टप्प्यावर पडलेला त्याचा चेंडूही फलंदाजाच्या बरगड्यांपर्यंत उसळतो. दुसरा फिरकीवाला म्हणजे पोस्टमन – कारण डोळे मिटून टाकला तरी त्याचा चेंडू नेमक्या पत्त्यावर पडतो. जिराफ पोरगेला आहे, त्याला आज नाही मिळालं तर उद्या मिळेल. पोस्टमनचं वय झालेलं, त्यात खांद्याचं ऑपरेशन, तब्बल दीड मोसम बाहेर... या सामन्यात बसवला तर त्याला पुन्हा कुणी विचारणार नाही. हे तिघांनाही माहीत होतं, आणि पोस्टमनला तर सगळ्यांत जास्त.

पण संघ काय दया दाखवायला निवडतात? – लाल दिव्यापाशी त्याने स्वतःला खडसावलं. संघ जिंकायला निवडतात. आणि मी स्वतः फिरकीवाला, म्हणून मला फिरकीवाल्याचं जास्तच वाटणार, तेव्हा माझ्या मताचं वजन करताना थोडं कमी धरायला हवं – पण किती कमी? पाव? निम्मं? भाजीवाल्याने स्वतःच्याच तराजूवर संशय घ्यावा तसं हे झालं होतं. समितीत बसल्यापासून तो हे करत आला होता. फिरकीवाल्यांबद्दल बोलायची वेळ आली की हात आखडता घ्यायचा, आणि वेगवान पोरांसाठी मात्र तावातावाने भांडायचा, इतका की एका वर्तमानपत्राने त्याच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक छापलं होतं. ते कात्रण त्याने जपून ठेवलं नव्हतं. म्हणजे, बायकोने ठेवलं होतं. दिवा हिरवा झाला, मागून कुणीतरी चिडून हॉर्न वाजवला, आणि त्याला जाणवलं की आपण निर्णयाच्या जवळ आलो नाही, फक्त मैदानाच्या जवळ आलो.

पॅव्हेलियनच्या पायऱ्या उतरून गवतावर आला तेव्हा माळी लोकांनी स्टंप रोवून ठेवले होते, दोरी ताणून चुना मारायचं काम चाललं होतं. तो नेहमीच्या सवयीने मधोमध चालत गेला आणि थांबला. स्टंप जागेवर नव्हते. म्हणजे स्टंप होते, पण उजवीकडे, शेजारच्या पट्टीवर. आणि तो ज्या पट्टीच्या काठाशी उभा होता तिच्यावर, गुड लेंग्थच्या जरा मागे, एक बारीकसं भोक होतं – किल्लीएवढं.

काल किल्ली खुपसली ती हीच पट्टी. मागच्या वर्षी पलीकडे नवा स्टँड झाला, कॅमेऱ्यांच्या जागा बदलल्या, आणि मैदानाचा मध्य एका पट्टीने सरकला – हे त्याला ठाऊक होतं, त्या बैठकीला तो हजर होता, त्याने सहीसुद्धा केली होती! काल दोन्ही पट्ट्या उघड्या होत्या, स्टंप नव्हते, प्रशिक्षक फोनवर बोलत मागून येत होता... आणि त्याचे पाय सरळ त्या जुन्या पट्टीकडे गेले. ती मागच्याच महिन्यात वापरलेली, पार वाळलेली. आणि ती त्याची होती. त्याचा शेवटचा सामना त्याच पट्टीवर झाला होता. ऐन सकाळी तेव्हाच्या निवड प्रमुखांनी अकरात घेतलं, दोन्ही डावांत मिळून मोजकीच षटकं मिळाली, आणि पुढच्या सामन्याला चौथा वेगवान गोलंदाज घेऊन त्याला कायमचं घरी बसवलं... 'विकेटला काही नव्हतंच तुमच्यासाठी,' ते म्हणाले होते. काही नव्हतं? चेंडू वळत होता. मला वळताना दिसत होता.

शेजारच्या, खऱ्या पट्टीवर तो गुडघे टेकून बसला, उगाच बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि किल्ली दाबली. ती सहज आत गेली. बाहेर आली तेव्हा दात्यांना काळी, थंड, चिकट माती लागली होती. जिराफ. ओल म्हणजे जिराफ – पहिल्या दिवशी तो इथे थैमान घालेल... पण ऊन कडक आहे, चौथ्या दिवशी हीच पट्टी फुटेल, मग पोस्टमन. पण चौथा दिवस उजाडेल का? आणि मी काल कोरडी म्हटलं ते कोरडी होती म्हणून की मला ती कोरडी हवी होती म्हणून? बायको म्हणते जीव तुटतो. जीव तुटत असेल तर पाय चुकीच्या पट्टीकडे जाणारच. त्याने किल्ली पँटला पुसली आणि कुणी पाहिलं नाही ना ते बघितलं. कुणी पाहिलं नव्हतं.

नेटमध्ये पोस्टमन टाकत होता. तो स्वतः जाळीमागे जाऊन उभा राहिला, नेहमीसारखा, हात मागे बांधून. दोन-चार चेंडू साधेच. मग एक आला – हात तसाच, पावलं तशीच, पण चेंडू सुटताना जरा वर राहिला, फलंदाजाच्या डोळ्यांच्या वर, आणि फलंदाज पुढे सरसावला, आणि चेंडू तिथे नव्हताच. अलीकडेच खाली बसला, वळला, बॅटची कड चाटून गेला. फलंदाज संघातला सगळ्यांत अनुभवी माणूस. तो नुसता टप्प्याच्या जागेकडे बघत राहिला. जाळीमागे निवड प्रमुखाची स्वतःची बोटं एकदम थांबली. हा चेंडू मी... हा चेंडू मला एका मोसमात पडत होता. एकाच. मग कधीच पडला नाही, आणि का पडत नाही ते कळलंही नाही. छातीत काहीतरी गरम सरकलं. सकाळी उपाशीपोटी दोनदा चहा झाला, त्याने स्वतःला सांगितलं.

पोस्टमन घाम पुसत जाळीपाशी आला. खांदा कसा आहे वगैरे चौकशी झाली, तो बरा म्हणाला. मग आवाज उतरवून पोस्टमनने सांगितलं की प्रशिक्षकांनी काल संध्याकाळी मन तयार ठेव म्हणून सांगितलंय, दोन फिरकीवाले घ्यायचे असं तुम्ही म्हणालात म्हणून.

"मी कुणालाच बोललो नाही, सर. फक्त वडिलांना फोन केला." तो जरा ओशाळून हसला. "ते लगेच निघाले. नको म्हटलं, पक्कं होऊ दे, पण ऐकतात थोडेच. आता बसमध्ये असतील."

त्याने काहीतरी उत्तर दिलं – छान, किंवा बरं केलंस, असलंच काहीतरी – आणि पोस्टमनच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. मग तो खांदा दुखरा आहे हे आठवून काढून घेतला.

खोलीत जाईपर्यंत त्याच्या डोक्यात बस चालू होती. खिडकीशी बसलेला एक म्हातारा, मांडीवर पिशवी. पट्टीची चूक सांगितली तर तो म्हातारा इथे येऊन मुलाला पाणी घेऊन धावताना बघणार. न सांगितली तर संघ एका थापेवर उभा राहणार – थाप तर नव्हती ती, चूक होती. पण आता गप्प बसलो की थापच. हे सरळ होतं. त्याला आज सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी सरळ सापडलं होतं. मायेला बळी पडायचं नाही, खरं सांगायचं, आणि तोंडघशी पडायचं तर पडायचं.

खोलीत फळ्यावर लोहचुंबकाच्या गोल चकत्या लावल्या होत्या, प्रत्येकीवर एकेका खेळाडूची खूण. चौथ्या गोलंदाजाची जागा रिकामी, आणि बाजूला दोन चकत्या खाली घसरल्यासारख्या. प्रशिक्षक खुर्ची उलटी करून बसला होता. प्रशिक्षक आणि तो एकाच संघातून खेळलेले, त्यामुळे त्यांच्यात पडदा नव्हता. कर्णधार खिडकीशी उभा राहून केळं खात होता. मग कालचं कायम का, असं प्रशिक्षकाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "काल मी चुकीची पट्टी बघितली. शेजारची. खरी ओली आहे."

केळं खाता खाता कर्णधाराने वळून बघितलं. मग प्रशिक्षक पोट धरून हसला. "अरे, म्हणजे तू तुझ्याच शेवटच्या मॅचचं पिच बघून आलास!"

तोही हसला. कर्णधारही हसला, सर म्हणून जरा जपून. आणि हसता हसता त्याला जाणवलं की आपल्याला फार हलकं वाटतंय... जीव भांड्यात पडावा तसं. खरं बोलल्याचं समाधान असणार. असं असतं म्हणतात. फळ्यावर पोस्टमनची चकती खाली राहणार होती, जिराफची वर जाणार होती, आणि ते डोळ्यांसमोर आलं तसं आणखी हलकं वाटलं – आणि इथे तो थबकला. खरं होतं ते तर सांगून झालं. मग हे दुसरं हलकेपण कशाचं? बसमधल्या म्हाताऱ्याचा चेहरा त्याने मुद्दाम आणून बघितला. वाईट वाटलं. वाटलं, पण वर वर. आणि तळाशी ते हलकेपण तसंच, हाताला लागेल इतकं स्पष्ट. मघाशी जाळीमागे छातीत जे सरकलं होतं ते चहाने नव्हतं झालं. माझ्या पोटात दुखलं होतं. तो चेंडू बघून माझ्या पोटात दुखलं होतं.

म्हणजे इतकी वर्षं... फिरकीवाल्यांची बाजू घ्यायची नाही म्हणून हात आखडता घेतला तो... ती वेगवान पोरांसाठी केलेली भांडणं, ते कात्रण... पण मग काल पाय जुन्या पट्टीकडे का गेले? कोरडी कुणासाठी हवी होती – पोस्टमनसाठी, की इतक्या वर्षांनी कुणीतरी म्हणावं म्हणून, की हो बाबा, वळत होता तुझा चेंडू? आयुष्यभर तो स्वतःच्या मायेवर पहारा देत बसला होता. ती तिथे होती की नाही हेच आता त्याला सांगता येईना.

"मग तीन वेगवान," प्रशिक्षक म्हणाला आणि जिराफच्या चकतीकडे हात नेला.

"एक मिनिट," कर्णधार म्हणाला. केळ्याची साल त्याने टोपलीत टाकली आणि फळ्यासमोर येऊन उभा राहिला. पिचचं राहू दे, तो म्हणाला. पहिल्या दिवशी ओल, चौथ्या दिवशी भेगा, दोघांपैकी कुणीही चालेल, आणि नाणेफेक कुणाच्या हातात नाही. आपल्याला फिरकीतलं फारसं कळत नाही, प्रशिक्षकांना तर त्याहून कमी, असंही तो म्हणाला, आणि प्रशिक्षकाने ते मान्य केलं.

"तुम्ही आत्ता नेटमध्ये होतात, सर. पोस्टमन कसा टाकतोय, एवढंच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी लावतो."

दोघेही त्याच्याकडे बघत होते. या माणसाबद्दल समितीत तो आजवर पुष्कळ बोलला होता – मेहनती, भरवशाचा, गुणी, बिचारा. आता बोलायचं ते वाक्य त्यापेक्षा छोटं होतं. तो माझ्यापेक्षा चांगला टाकतो. माझ्या त्या एका मोसमापेक्षाही. ते म्हटलं तर खरं म्हणून म्हणेन, की मघाचं हलकेपण झाकायला? आणि नाही म्हटलं तर... खाली मैदानावर रोलर फिरायला लागला होता, त्याची घरघर खोलीत येत होती. खेळपट्टी, ऊन, वय, खांदा, म्हातारा, सगळं या प्रश्नातून कुणीतरी काढून घेतलं होतं. आज सकाळपासून एवढी एकच गोष्ट त्याला पक्की माहीत होती, आणि नेमकं तिच्यासाठीच त्याचं तोंड उघडत नव्हतं.