चौथ्या दालनातली फरशी

“पुसायच्या आधी बघ. आपण काय पुसून टाकतोय ते कळलं पाहिजे.”

आधी इथली सफाई बघणाऱ्या थोरल्या बाईंनी मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि कारणही साधं होतं. फरशीवर कुणाच्या कानातलं पडलेलं असतं, कधी भिंतीतला स्क्रू निघून आलेला असतो. थोरल्या बाई निवृत्त झाल्या, पुढे वारल्याही. मावशींनी मात्र तो नेम तेवीस वर्षांत एकदाही मोडला नाही. चित्रसंग्रहालयाच्या प्रत्येक दालनाच्या तोंडाशी बादली ठेवायची, क्षणभर थांबायचं, फरशीवरून नजर फिरवायची आणि मगच फडकं भिजवायचं.

आजही त्या चौथ्या दालनापाशी अशाच थांबल्या होत्या, तेवढ्यात मागून पहारेकरी आला. बोलताना त्याच्या पुढच्या दातांच्या फटीतून शीळ निघायची, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणत आणि तोही ओ द्यायचा.

“बघून घ्या मावशी, डोळे भरून बघून घ्या. तुमचं दार चाललं कोठारात.”

“कोण म्हणतं?”

“ऑफिसबाहेर यादी लागलीय. अकरा चित्रं आहेत. तुमचं तिसरं.”

‘तुमचं दार’ म्हणजे समोरच्या भिंतीवरचं माणसाएवढं उंच चित्र. अर्धं उघडं दार, आत एक स्टूल, स्टुलावर घडी केलेली पांढरी चादर आणि न दिसणाऱ्या कुठल्याशा खिडकीतून जमिनीवर आलेला उन्हाचा तुकडा. माणूस एकही नाही. पाटीवरसुद्धा नुसतं ‘दार’ एवढंच.

“का पण?”

“कुणी थांबत नाही म्हणे. वर ते यंत्र बसवलंय ना, माणसं मोजणारं? तुमच्या दारापुढे सरासरी नऊ सेकंद. नऊ सेकंदांत माझी एक शिंक पुरी होत नाही!”

मावशींना हसू आलं नाही. माणसं थांबत नाहीत हे त्यांना उन्हाळ्यापासून ठाऊक होतं, यंत्राच्याही आधी. पण ती का थांबत नाहीत, हे कुणीच कुणाला विचारलेलं दिसत नव्हतं. विचारल्याशिवाय यादी कशी लागते?

बादली तिथेच ठेवून त्या ऑफिसात गेल्या. संग्रहालयाच्या नव्या प्रमुख मॅडम वयाने त्यांच्या सुनेएवढ्या. कागदांच्या ढिगाआडून त्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

“मॅडम, थोडं बोलायचं होतं.”

“साबण संपला का मावशी?”

“साबण आहे. चित्राबद्दल बोलायचंय. पण ते इथे बसून नाही कळणार, दालनात यावं लागेल.”

इतक्या हळू आवाजात कुणी हुकूम सोडू शकतं, हे मॅडमना नवीन असावं. त्या उठल्या.

बाहेर रस्ता खोदून ठेवला होता आणि येणारा जाणारा बुटांना पांढरी धूळ घेऊनच आत यायचा. मावशींनी खिडकीचा पडदा अर्धा सरकवला. तिरपा उजेड आत आला, तशी काळ्या फरशीवर आदल्या दिवसाची सगळी पावलं उठून दिसली.

“हे बोटींचं चित्र बघा. माणसं सरळ चालत येतात, पाटी वाचायला पुढे वाकतात, म्हणून इथे चवड्यांचे ठसे गडद. मग डावीकडे चालू पडतात. सगळ्या चित्रांपुढे असंच असतं. दारापुढे तसं नव्हतं.”

“कसं होतं?”

“माणूस पुढे यायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. टाच घासल्याची रेघ असायची. मग जरा बाजूला, इथे, पाय जोडून उभा राहायचा. कधी या पायावर भार, कधी त्या. म्हणजे बराच वेळ उभा. रोज दहा-बारा जण तरी.”

“मागे का सरायचे?”

“लाजून.”

मॅडमनी चष्मा वर केला.

“आपण कुणाकडे जातो,” मावशी म्हणाल्या, “दार अर्धं उघडं असतं. चटकन आत डोकावलं जातं. मग आपलं आपल्यालाच वाटतं, अगंबाई, हे काही बरं दिसत नाही. मग मागे सरायचं, बाजूला उभं राहायचं आणि आतून कुणी येतंय का, वाट बघायची. माणसं तेच करायची. चित्र बघायला आलेला माणूस पाहुणा होऊन जायचा आणि त्याला ते कळायचंही नाही.”

“आणि आता?”

“आता उंबरा गुडघ्याएवढा वर गेलाय.”

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं. उन्हाळ्यात रंगकाम झालं, नवे दिवे आले आणि सगळ्या चित्रांचे मध्य एका दोरीत घेतले गेले. मोठ्या कौतुकाने घेतले गेले. त्याआधी या चित्राची खालची कड फरशीला जवळजवळ टेकलेली होती.

“इतरांचं काही बिघडलं नाही. पण ज्यात पाऊल टाकता येणार नाही, ते दार कसलं? खिडकी झाली त्याची. खिडकीपुढे कोण लाजतंय?”

मॅडम चित्राच्या खालच्या कडेपाशी वाकल्या. मग म्हणाल्या, “आणि तुम्हाला काय वाटतं ते बघताना?”

तेवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मावशींनी हातमोजे काढले.

“नवीन लागले तेव्हा वाटायचं, कुणीतरी आत्ताच रागावून निघून गेलंय. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मला नुसती चादर दिसायची. बघा, घडीचा एक कोपरा बाहेर राहिलाय. घाई असलेल्या बाईच्या हातून तो राहतोच. आणि आता वाटतं, कुणीतरी यायचंय, त्याच्यासाठी काढून ठेवलीय ती. चित्र जागचं हललं नाही, मॅडम. मी बदलत गेले. पण दर वेळी त्याने मला उभं राहायला जागा दिली.”

दुसऱ्याच दिवशी चित्र त्याच भिंतीवर पुन्हा फरशीलगत उतरलं. पहिला बघ्या शिट्टीच. छाती काढून पुढे आला, थबकला आणि दोन पावलं मागे सरला.

“आलं का कुणी आतून?” मावशींनी विचारलं.

“गप्प बसा हो मावशी,” तो म्हणाला, पण हलला नाही.

आठवड्याभराने मॅडम कागद घेऊन आल्या. नऊ सेकंदांचे एकावन्न झाले होते.

“पण यादीवर सह्या विश्वस्तांच्या आहेत. शुक्रवारी अकराला त्यांची बैठक आहे. आकडे मी देईन. मागे का सरतात, ते तुम्ही सांगायचं.”

“मी? तुम्हीच सांगा ना. तुम्हाला बोलायची सवय आहे.”

“मी सांगितलं, तर ते माझं होईल. ते तुमचं आहे मावशी.”

मावशी फरशीकडे बघत राहिल्या. आयुष्यात ‘माझं’ म्हणून चारचौघांत काही मांडायची वेळ आली नव्हती. नको म्हणणं सोपं होतं. पण मग चित्राच्या बाजूने बोलणारा नुसता आकडा उरला असता.

“येईन,” त्या म्हणाल्या.

“नक्की?”

“शब्द दिला.”

शुक्रवारी सुनेने चांगला कोट इस्त्री करून दिला. “आई, तिथे तरी जरा मोठ्यानं बोला हं!” ती म्हणाली.

“लक्ष असलं की हळू बोललेलंही ऐकू येतं,” मावशी म्हणाल्या आणि कोटाची पिशवी घेऊन निघाल्या.

अकराला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी हात धुतले, पुसले. वरच्या मजल्यावरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक जाड आवाज, “एका चित्रासाठी वेगळा नियम कशाला?”

शिट्टीने काळजीने पाहिलं. “कोट बदला ना मावशी. मोठी माणसं आहेत.”

मावशींनी पिशवी उघडली, इस्त्रीची घडी पाहिली आणि पुन्हा मिटली. अंगावरच्या निळ्या कामाच्या कोटाचं वरचं बटण तेवढं लावलं. पिशवी शिट्टीच्या हातात दिली आणि पाठ ताठ करून, एकेक पायरी, त्या जिना चढू लागल्या.