आर्नफिनची बंदूक

आर्नफिन वारला त्याला सात आठवडे झाले होते आणि त्याच्या नावाचं पार्सल आलं. जर्मनीहून. त्याची बायको डागनी हिने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरीने उघडलं. आत तेलकट कागदात गुंडाळलेलं लोखंडाचं एक छोटं कडं होतं, अंगठ्याच्या पेराएवढ्या रुंदीचं. ते कशाचं हे तिला विचारावं लागलं नाही. बंदुकीच्या नळीला लाकडाशी बांधून ठेवणारं पुढचं कडं. तेवढंच मिळत नव्हतं, आणि चार वर्षं त्याचीच वाट बघणं चाललं होतं.

बंदूक जर्मन सैन्याची, माउझर. पंचेचाळीस साली जर्मन लोक नॉर्वे सोडून गेले आणि बंदुकांचे ढीग मागे राहिले. त्यातली एक आर्नफिनच्या वडिलांना मिळाली. घरात मांस हवं होतं आणि जंगलात मूस होते, घोड्याएवढी मोठी हरणं. म्हाताऱ्याने जड वाटणारं पुढचं लाकूड करवतीने उडवलं, दस्त्यावरचा गरुडाचा शिक्का कानशीने घासून टाकला आणि पुढची तीस वर्षं तिच्यावर घर जेवलं. वडिलांमागे ती आर्नफिनकडे आली. निवृत्त झाल्यावर त्याने तिला पुन्हा पहिल्यासारखी करायला घेतली. नवं लाकूड शोधलं, पट्टा शोधला, एकेक स्क्रू शोधला. बारा हिवाळे तो जेवण झालं की तळघरात उतरायचा. डागनी वर रेडिओ लावून विणत बसायची. खालून कानशीचा आवाज यायचा, तो थांबला की समजायचं, आता झोपायला येईल.

ऑगस्टच्या शेवटी स्वेर्रे आला. रेंडालेनच्या त्यांच्या शिकारटोळीचा तो प्रमुख. वाफल खाता खाता म्हणाला, "आर्नफिनची जागा रिकामी आहे बघ. बाहेरून माणूस घ्यायचा म्हटलं तर हेडमार्क जिल्हाभरातून येतील. पण म्हटलं, आधी तुला विचारावं."

"मला?"

"परवाना आहे की तुझ्याकडे. लग्नाआधी तू काय निशाणा मारायचीस, माझा बाप सांगायचा."

"तुझा बाप काहीही सांगायचा," डागनी म्हणाली. पण स्वेर्रेची गाडी वळणाआड गेल्यावर ती बराच वेळ अंगणातच उभी राहिली. सात आठवड्यांत कुणी तिला काही मागितलं नव्हतं. सगळे विचारायचे, काही हवंय का.

दुसऱ्या दिवशी ती आर्नफिनची बंदूक घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेली. नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी तिला दिसेना. चौसष्टाव्या वर्षी डोळ्यांपुढे नुसता करडा ठिपका, आणि पलीकडे पुठ्ठ्याचा मूस आणखी करडा. शिवाय दस्ता लांब, तिच्या खांद्याला बसेना. पाचांतल्या दोन गोळ्या लागल्या. शिकारीआधी दरवर्षी द्यायच्या चाचणीला पाचही लागाव्या लागतात.

तळ्याकाठी तुर्लाइवचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. आर्नफिनचा तो शाळेपासूनचा दोस्त. डागनीने बंदूक आणि शेजारी ते कडं त्याच्या बाकावर ठेवलं. तुर्लाइवने आधी कडंच उचललं. चष्मा कपाळावर सारून आतल्या बाजूचा आकडा वाचला आणि खाली बसला.

"मिळालं म्हणजे त्याला. अगं, हे बसवलं की झालीच पुरी. दहा मिनिटांचं काम. आत्ता करू?"

"मला दुर्बीण बसवून हवी आहे," डागनी म्हणाली. "आणि दस्ता आखूड करून."

तुर्लाइवने कडं खाली ठेवलं. "डागनी, यात काय काय येतं ते ऐकून घे. वरच्या लोखंडात चार भोकं पाडावी लागतील. हा मागचा खटका दुर्बिणीला अडतो, तोही बदलावा लागेल. त्याच्या बापाने लाकूड कापलं, लाकूड नवं मिळतं. लोखंडाला आजवर कुणी हात लावला नव्हता. एकदा भोक पाडलं की ते बुजत नाही."

"ठाऊक आहे."

"मग नवी घे ना! हलकी, दुर्बीण लावलेली, आत्ताच्या आत्ता देतो. ही मी कडं घालून देतो, भिंतीवर लाव. लोक बघायला येतील."

"एकदा येतील," ती म्हणाली. "मग मीच बघत बसेन. बारा वर्षं तेच केलं रे. वर बसून."

तुर्लाइवने फडक्याला हात पुसले, खरं तर ते स्वच्छच होते. "तो मला म्हणायचा, तिला हे आवडत नाही. खाली येतच नाही म्हणायचा."

"बोलावलं कधी?"

"ते मला काय माहीत! तू गेलीस कधी?"

डागनी खिडकीकडे वळली. बाहेर तळ्यावर कुणीतरी होडीचं यंत्र चालू करत होतं, ते लागत नव्हतं. तिला एक हिवाळा आठवला. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती कॉफीचे दोन कप घेऊन उभी होती. खालचा कानशीचा आवाज थांबला होता. तो आपली चाहूल घेतोय असं तिला वाटलं. मग आवाज पुन्हा सुरू झाला आणि ती कप घेऊन परत फिरली. तोही खाली तसाच थांबला असेल, पावलं उतरतात का ते ऐकत? हे आता विचारायचं कुणाला?

"भोकं पाड," ती म्हणाली. "हे कडं तुला राहू दे. कुणाची तरी बंदूक अडली असेल."

"तो मला शिव्या घालेल."

"मलाही घालेल. घालू दे. मी ऐकायला तयार आहे."

तुर्लाइव हसायला गेला आणि मधेच राहिला. गिरमिट लावण्याआधी त्याने तिला बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही. लोखंडाचा बारीक चुरा बाकावर पडत होता, तो शेवटपर्यंत बघत उभी राहिली. दस्त्याचा कापलेला तुकडा तुर्लाइवने तिच्यापुढे धरला. तिने नको म्हणून मान हलवली. त्याने तो शेगडीत टाकला.

चाचणीत पाचही गोळ्या लागल्या. पंचवीस सप्टेंबरला सकाळी सातला ती दलदलीच्या काठावर, पाच नंबरच्या जागी, एका ओंडक्यावर बसली. गवतावर दहिवर गोठलं होतं. कानातल्या बिनतारी यंत्रात टोळीतली माणसं एकमेकांची चेष्टा करत होती, कुणाचा कुत्रा पळाला, कुणी पाव घरी विसरला. ती ऐकत होती. अकराच्या सुमाराला बर्चच्या झाडांमधून मूसची मादी आली आणि मागे पिल्लू, गुडघाभर पाण्यातून सावकाश. स्वेर्रेने बजावलं होतं, पिल्लू आधी, आईमागे ते जगत नाही. दुर्बिणीत ते इतकं स्वच्छ दिसलं की त्याच्या नाकावरची वाफही दिसली. डागनीने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. पिल्लू चार पावलं चालून गुडघ्यांवर बसलं, मग आडवं झालं. मादी थोडा वेळ उभी राहिली आणि जंगलात गेली.

"पाच नंबर? डागनी, तू होतीस?"

"मी होते. पडलंय."

कानात एकदम चार जण बोलायला लागले. स्वेर्रे म्हणाला, "शाब्बास गं! तिथेच थांब, येतोच. अर्धा तास लागेल."

ती पिल्लापाशी गेली. अंग अजून गरम होतं. तिने पापणीला काठी लावून पाहिली, पापणी हलली नाही, मग बंदूक रिकामी केली आणि शेजारी गवतावर बसली. नेम कसा धरला, वारा कुठून होता, श्वास कुठे थांबवला, सगळं ओठांवर आलं होतं आणि ते आर्नफिनलाच सांगायचं होतं. कानात माणसं तिच्याच गोळीबद्दल बोलत होती. तिने यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि पहिल्यापासून, मादी बर्चमधून बाहेर आली तिथपासून, मोठ्याने सांगायला सुरुवात केली.