रुखमाबाईंचा 'हो'

आरमोरीच्या आमच्या देवळात कीर्तन असलं, की बुवांची नजर आधी रुखमाबाईंना शोधते. बुवांनी "खरं ना मायबाप?" विचारलं, की पहिला "हो जी!" बाईंचाच. त्या हुंकारावरच कीर्तन चढतं. घरीही तेच, कोणी काही विचारो, बाईंच्या तोंडून आधी 'हो' निघतो.

म्हणूनच नात दिव्यानी धास्तावली होती. बाईंचे यजमान मुखरूभाऊ वारले, आणि आता कोणी वसुलीवाला रोज फोन करायचा. भाऊंनी फार पूर्वी हप्त्यावर टीव्ही घेतला होता, त्याचे पैसे बाकी आहेत म्हणे. भाऊंनी ते केव्हाच फेडले होते. टीव्हीसुद्धा भंगारात गेला.

"आजी, काईबी बोल, पण 'हो' नोको म्हणू. ते रेकॉर्ड करतात. मंग त्याच 'हो'ले धरून मांगं लागतात."

"हो," बाई म्हणाल्या.

दिव्यानीनं कपाळावर हात मारला.

त्या संध्याकाळी मी कीर्तनासाठी बाईंच्या घरी टाळ न्यायला गेलो, तोच फोन वाजला. दिव्यानीनं स्पीकर लावला.

"मॅडम, मुखरूजींचं कर्ज मान्य आहे ना? फक्त हो म्हणा."

बाईंचे ओठ उघडले. दिव्यानीनं माझा दंड घट्ट धरला.

"सांगते बापू. पयले तू आयक." बाईंनी पदर सावरून मांडी घातली. "गेलेल्या मानसाच्या दारी आलं त पयले हात जोडावं. खरं ना?"

बाईंनी फोनकडे कान केला.

"काऊन चूप? हुंकार नाई आला त कीर्तन पुढं सरकत नाई."

"...हो."

"माह्या मालकानं कोनाचं बुडवलं नाई. तुह्यापाशी कागद असन त डाकेनं धाड. खरं ना?"

"हो, पण मॅडम..."

"कागद नाई त फोन नाई. खरं ना?"

"हो, बाई." त्याच्या मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"रेकॉर्ड झालं ना रे? जपून ठेवजो."

फोन कटला. "आजी, तू त बुवाच झाली वं!" दिव्यानी हसता हसता खाली बसली.

पुढे ना कागद आला, ना फोन. इतक्या वर्षांत मी मोठमोठ्या बुवांना ऐकलं, पण रागाचा एक शब्द न काढता परक्या माणसाकडून असा हुंकार घेणारं कोणी पाहिलं नाही.

फोन आला त्याच संध्याकाळी देवळात बुवांनी विचारलं, "खरं ना मायबाप?" आणि बाईंनी दाबून धरलेला तो "हो जी!" असा सुटला, की मृदंगवाला ठेका विसरला.