पेट्रोल, डिझेल आणि चटईखालची फळी

मित्रांनो, मला इंजिन नाही. भोंगाही नाही. मी घोडे वाहून नेणारा एक जुना ट्रेलर आहे आणि आमच्या जातीचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या मागे जाण्यात सरतं. पुढे पिकअप, मागे मी. ती पिकअप कशी आहे हे चालवणाऱ्यापेक्षा मला जास्त कळतं, कारण तिचा प्रत्येक हिसका माझ्या आकड्याला बसतो. पण मला विचारतो कोण!

माझा जन्म ओक्लाहोमातल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या भिंती, दोन घोड्यांपुरती जागा, खाली ओकच्या जाड फळ्या आणि फळ्यांवर रबरी चटई. वर्ल टोलमन यांनी मला वायोमिंगमधल्या टेन स्लीप गावात आणलं, तेव्हा गावातली माणसं मुद्दाम मला बघायला आली होती. वर्ल माझी फार काळजी घेत. चटया ओढून काढून उन्हात टाकत, मला धुवत, फळ्यांना तेल पाजत. शेजारी म्हणत, "वर्ल, तुझा ट्रेलर तुझ्यापेक्षा स्वच्छ असतो रे!" वर्ल हसत आणि काम चालू ठेवत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे वर्ल यांचे गुडघे कुरकुरू लागले. घोड्यांचं सगळं त्यांची मुलगी जेनीन बघू लागली. जेनीनचा जीव टॅन्सी नावाच्या घोडीत अडकलेला. टॅन्सीची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हा जेनीनने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. आता दोघी मिळून पिंपांना वळसे घालायच्या शर्यतीत पळत. जेनीन कष्टाळू होती, पण माझी चटई उचलायचं तिच्या मनातच येत नसे. तिला वाटे, ते बाबा बघतात. बाबांना वाटे, आता सगळं जेनीन बघते. घोड्याचं मूत चटईखाली झिरपतं आणि तिथेच मुरतं. डावीकडे, जिथे टॅन्सीचे मागचे पाय येतात, तिथली माझी फळी आतून भुसा झाली. वरून काही दिसत नव्हतं.

त्या वसंतात घरच्या जुन्या पेट्रोल पिकअपने मान टाकली आणि स्वयंपाकघरात युद्ध पेटलं. खिडकी उघडी असे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

"बाबा, या वेळी डिझेलच. खिंड चढताना आपली गाडी कशी रडायची, विसरलात?"

"रडायची, पण सकाळी उठायची गं! जानेवारीत टाकीतलं डिझेल गोठून बसलं की ये माझ्याकडे डोळे पुसायला."

"गोठू नये म्हणून त्यात औषध घालतात. आणि रात्री विजेची वायर लावून ठेवली की इंजिन गरम राहतं."

"म्हणजे गाडी घ्यायची का तान्हं बाळ?"

गावातल्या कॅफेतही दोन तट पडले. कॉफी आणि पॅनकेक थंड होत, पण वाद काही थंड होईना. खरं सांगू? दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच तर भांडण मिटेना. डिझेलला ओझ्याचं काही वाटत नाही आणि उतारावर ते इंजिन मला मागे खेचून धरतं, माझा भार नुसत्या ब्रेकवर येऊ देत नाही. पण तीच गाडी घर ते दुकान, दुकान ते घर एवढीच फिरवली, तर धुराच्या नळीत काजळी तुंबते आणि ती रुसते. पेट्रोलची गाडी घ्यायला स्वस्त, दुरुस्तीला सोपी, कडाक्याच्या थंडीत बिनतक्रार. मात्र चढावर तिच्या नाकी नऊ येतात. मला एवढंच ओरडून सांगायचं होतं, की अहो, आधी माझ्या पोटात बघा!

शेवटी बापलेकीने ठरवलं, दोन्ही गाड्या मला जोडून बघायच्या. पावडर रिव्हर खिंड ओलांडून बफेलो गावी शर्यतीच्या सरावाला जायचं आणि मग निकाल लावायचा.

पहिल्या शनिवारी शेजारच्या लवॉय यांची डिझेल पिकअप आली. काय तिचा जोर! टॅन्सीसकट मला तिने अस्सं ओढत नेलं. गाडीच्या काचा बंद, आत गाणी चालू. घरापासून बफेलोपर्यंत ती कुठे थांबली नाही. फळी वळणावळणावर करकरत होती आणि ते फक्त मला आणि टॅन्सीला ऐकू येत होतं.

पुढच्या शनिवारी विकायला काढलेली एक पेट्रोल पिकअप आणली. वर्ल स्वतः चालवायला बसले. खिंडीचा चढ लागला तशी ती बिचारी किंचाळायलाच लागली. गिअर खाली, आणखी खाली, आणि तापमानाचा काटा वर. उघड्या काचेतून जेनीनचं हसू माझ्यापर्यंत आलं.

"झालं! लागली रडायला!"

"दमलीय ती. माणूस दमत नाही का?" वर्ल गुरगुरले.

आणि तेव्हाच माझी फळी गेली. फाटक्या चटईतून टॅन्सीचा मागचा डावा पाय खाली घुसला. तिचा खूर माझ्या पोटाखाली लोंबकळत होता आणि त्याच्याखालून रस्ता पळत होता. मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, पण त्या क्षणी माझा थरकाप उडाला. तेवढ्यात वर्ल यांनी गाडी निववायला बाजूला घेतली आणि रस्ता पळायचा थांबला.

जेनीन बापाला आणखी चार टोमणे मारायला खाली उतरली. टॅन्सीची किंकाळी ऐकून ती मागे धावली. दार उघडलं आणि ती ओरडली.

"बाबा! टॅन्सीचा पाय! बाबा, लवकर!"

वर्ल यांना गुडघ्यांची आठवण राहिली नाही. पहार घेऊन ते आत शिरले. घाबरलेल्या घोडीच्या मागच्या पायाशी वाकणं म्हणजे जिवाशी खेळ. जेनीन तिचं डोकं छातीशी धरून पुटपुटत होती, "शांत, माझी बाय ती, शांत." वर्ल यांनी कुजकी फळी पहारीने फोडून जागा केली आणि पाय वर काढला. कातडं सोललं होतं, नाल गेली होती. हाड शाबूत होतं.

फोन केल्यावर लवॉय आपला ट्रेलर घेऊन निघाले. तोवर तिघं कडेच्या गवतावर थांबली. टॅन्सीची मान थोपटत जेनीन म्हणाली, "बाबा, डिझेल असतं ना, तर आपण थांबलोच नसतो."

मला वाटलं, आता वर्ल शेखी मिरवणार. त्यांनी हातातला फळीचा तुकडा चुरगळला. ओकचं लाकूड, पण मातीसारखं भुगा झालं.

"पेट्रोल जिंकलं नाही, पोरी. आपण दोघं पुढेच बघत बसलो."

पुढे डिझेलच घेतलं, कारण उन्हाळाभर दर आठवड्याला खिंड ओलांडायची म्हटल्यावर तेच शहाणपणाचं होतं. थंडीत इंजिनला वायर लावायचं काम वर्ल यांनी मागून घेतलं. "बाळाला पाजून येतो," असं म्हणत ते रोज अंगणात येतात. पण गाडी घ्यायच्या आधी त्यांनी माझ्या सगळ्या फळ्या बदलल्या.

जखम भरली तरी टॅन्सी माझ्या दारात खिळून उभी राहिली. जेनीनने गाजर दाखवलं, गोंजारलं, रडकुंडीला आली. टॅन्सी हलेना. मग वर्ल आत चढले. आपल्या जड बुटांनी त्यांनी एकेक फळी धाडधाड आपटून दाखवली आणि शेवटी, ते गुडघे घेऊन, दोन्ही पायांनी उडी मारली.

"बघितलंस? ये आता."

टॅन्सीने कान टवकारले आणि ती आत आली.

मित्रांनो, पुढे कोणती गाडी जोडायची यावर तुम्ही खुशाल भांडा. पण निघण्याआधी मागे या, चटई उचला, फळीत पेचकस खुपसून बघा. माझ्यावर जो उभा असतो, त्याला खाली वाकून बघता येत नाही.

आता कुठेही निघायचं झालं की वर्ल आधी आत येऊन पाय आपटतात. तो आवाज ऐकल्याशिवाय टॅन्सी पाऊल उचलत नाही.