चारशे सतरा नंबरची बाई

"थांब बाई दोन मिनिटं. आधी आकडा लिहून घेऊ दे," असं म्हणून हेमराजनं फोन खांद्यात दाबला आणि फ्रीझरच्या दारावरचा लाल आकडा पाहिला. उणे एकोणऐंशी. वहीत आकडा लिहिला, वेळ टाकली, सही केली. संध्याकाळचे पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. "हं. बोल आता."

नागपूरच्या मुख्य कार्यालयातली सुरभी आता या थांबण्याला सरावली होती. "काका, पुढच्या शुक्रवारी गाडी येते नमुने न्यायला. तुमचे डबे सगळे बरोबर आहेत. फक्त चारशे सतरा नंबरच्या बाईच्या बाळंतपणाचं काय झालं, ते कुठंच नाही."

"नाई, कारण मालूमच नाई."

"मग 'पत्ता लागला नाही' असं लिहून टाकते. बाकी केंद्रांनी तसंच केलंय."

"बाकीच्यायचं मले नको सांगू. बाई काय सुई हाय का, हरवाले? अकरा दिवस हायेत ना? पाहतो मी."

सुरभीनं सुस्कारा सोडल्याचं त्याला ऐकू आलं. त्यानं मनावर घेतलं नाही.

विदर्भात पाच ठिकाणी हे काम चालू होतं. गरोदर बायकांचं रक्त तिसऱ्या महिन्यात, सातव्या महिन्यात आणि बाळंतपणाच्या वेळी घ्यायचं, आणि उणे ऐंशीच्या थंडीत साठवून ठेवायचं. एखादीचा रक्तदाब अचानक का चढतो, एखादीचं बाळ दिवस भरण्याआधी का येतं, हे पुढं कोणीतरी त्या रक्तातून शोधून काढणार होतं. सेलूचं केंद्र म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. गावोगाव फिरून नावं नोंदवणाऱ्या मुलींची मुदत मार्चमध्ये संपली आणि त्या गेल्या. उरला फ्रीझर आणि उरला हेमराज. त्याआधी वीस वर्षं त्यानं बर्फाच्या कारखान्यात काढली होती, त्यामुळं थंडीचं आणि त्याचं चांगलं जमायचं. माणसांचं तितकं नाही.

सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच, दोन वेळा आकडा लिहायचा. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. बायको सुलोचना चार वर्षांपूर्वी नातवाला सांभाळायला दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली, ती तिकडंच राहिली. पहिलं वर्षभर ती म्हणायची, या ना तुम्ही पण. हेमराज म्हणायचा, "मशीनले कोण पाहीन?" खरी गोष्ट वेगळी होती. आकडा लिहायचं काम केंद्रातल्या मुलींवर सोपवून तो एकदा आठ दिवस जाऊन आला होता. हॉलमध्ये अंथरूण घालायचं आणि सहाच्या आत गुंडाळायचं, कारण निकेशला, म्हणजे मुलाला, तिथूनच आवरून निघावं लागायचं. कोणी एका शब्दानं दुखवलं नाही. राहा असंही कोणी म्हटलं नाही. तेव्हापासून फ्रीझरचं निमित्त त्याच्या फार उपयोगी पडलं होतं, आणि आता तेच गाडीत भरून जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी नऊचा आकडा लिहून तो चारशे सतराच्या गावी गेला. सेलूपासून सात-आठ किलोमीटर. कागदावर नाव होतं समीक्षा, नवऱ्याचं धनंजय. अंगणात धनंजयची आई आनंदाबाई सुपात तूर पाखडत बसली होती.

"समीक्षाबाई हायेत का?"

सूप थांबलं. "कोण तुमी?"

"रक्त तपासणीच्या केंद्रातून आलो जी."

"तुमीच का थे! कोवळ्या दिवसांत पोरीचं रक्त काढून नेलं. तवाच म्हटलं होतं मी तिले, पुन्हा गेली तर माह्या घरात पाय नोको ठेवजो." बाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. "तिचं तिच्या बापाले विचारा. जामले दुकान हाय त्याचं. आमच्या घरी तिचा विषय बंद हाय."

आतून एक तरुण बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. हिरव्या बांगड्या नव्या होत्या, आणि सहावा-सातवा महिना असावा. हेमराजनं तिच्याकडं पाहिलं आणि पाणी न पिताच उठला. घरात नवी सून आली होती; काय ते त्याला अर्धं तिथंच समजलं होतं.

उरलेलं अर्धं जामच्या चौकात समजलं. पुंडलिकरावांचं दुकान हमरस्त्याला लागूनच होतं. दोरखंड, टॉर्च, साबण, ट्रकवाल्यांना लागतं ते सगळं. समीक्षाचं नाव काढल्यावर त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली.

"समीक्षा म्हणू नका भाऊ. थे त्यायनं लग्नात तांदळात काढलेलं नाव. आमची आचल."

मग त्यांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. सहाव्या महिन्यात ती माहेरी आली. इकडं एका केंद्रात मुली बायकांची नावं लिहून घेत होत्या, तिथं तिनं नाव दिलं. आधारवर होतं तेच, आचल. याआधी कुठं रक्त दिलं का, असं विचारलं तर नाही म्हणाली. सासूला कळेल ही भीती. नववा लागला आणि एका दुपारी रक्तदाब चढला, झटके आले. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. बाळ अर्धा तास होतं.

"दोन वर्षं होतील मे मंधी," पुंडलिकराव म्हणाले आणि गल्ल्याखालून एक घडी घातलेलं पत्र काढून त्यांनी हेमराजच्या हातात दिलं. "तुमच्यासारखेच लोक आलते. म्हणे, तिचं रक्त ठेवलं हाय, ठेवू का? मी म्हटलं, फेका. लिहून देलं."

पत्रावर हेमराजच्याच प्रकल्पाचं नाव होतं. केंद्र दुसरं. नंबर अकराशे अडतीस. 'आपल्या इच्छेनुसार सर्व नमुने नष्ट करण्यात आले आहेत.'

म्हणजे बाई एक आणि नंबर दोन. सासरी समीक्षा, माहेरी आचल. दोन केंद्रांनी दोन बायका धरल्या होत्या. एकीचं सगळं संपलं होतं, आणि दुसरीच्या दोन नळ्या सेलूच्या फ्रीझरमध्ये तिसऱ्या कप्प्यात होत्या. हे जगात फक्त हेमराजला माहीत होतं. चहा पिऊन उठला असता तर तेवढ्यावरच राहिलं असतं. पण पुंडलिकराव बोलायचे थांबले नव्हते.

"रागात सही केली हो. मले वाटलं, पोरगी नाई वाचली तं रक्त ठेवून काय करता? मंग हे पत्र आलं. वाचलं आन् गल्ल्याखाली ठेवलं. एकदा घाटावर जाळलं तिले, एकदा सहीनं जाळलं. सासरच्यायनं साडीचा तुकडा नाई देला. घरी तिची माय नाव काढू देत नाई. बोलू कोणापाशी?"

"पुंडलिकराव," हेमराज म्हणाला, "माह्यापाशी हाय अजून."

"काय हाय?"

"तिचं रक्त. तिसऱ्या महिन्यातलं. दोन नळ्या."

एक ट्रकवाला येऊन दोरीचा भाव विचारू लागला. "दुकान बंद हाय," पुंडलिकराव म्हणाले. दुकान सताड उघडं होतं. ट्रकवाल्यानं एकदा दोघांकडं पाहिलं आणि तो निघून गेला.

हेमराजला गोड बोलता येत नसे, त्यामुळं त्यानं सरळच सांगितलं. "हे दोन नंबर एकाच बाईचे हायेत असं मी वर कळवलं, तर तुमची जुनी सही याले पण लागू होईल. 'सर्व नमुने' लिहून देलं हाय तुमी. मंग हे पण नष्ट."

"आन् नाई कळवलं तं?"

"तं राह्यतील. पत्ता नाई लागला म्हणून. कोणाचे, कुठले, काही नाई. बेवारस."

पुंडलिकरावांनी खाली ठेवलेली दोरी उचलून गुंडाळायला घेतली. नागपूरकडं जाणाऱ्या गाड्या थांबत होत्या, निघत होत्या. "बेवारस नाई ठेवाचं," ते शेवटी म्हणाले. "बाप जिता हाय तिचा. कळवा तुमी. मी नवीन कागद देतो लिहून. मंग काय व्हाचं थे होऊ द्या."

हेमराजला त्या माणसाचा हात धरावासा वाटला. त्याला ते जमलं नाही. त्यानं पत्राची घडी होती तशी नीट घालून परत दिली, आणि पाचच्या आत सेलूला पोचायचं म्हणून बस पकडली.

सुरभीला त्यानं सगळं सांगितलं तेव्हा तिनं यादी पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाली, "काका, म्हणजे आपल्या यादीत एक बाई कमी झाली." तिनं ते हिशेबातली चूक सापडल्यासारखं म्हटलं होतं, पण म्हणून झाल्यावर तिचा आवाज बदलला. "नियमानं नष्टच करावे लागतील. पण वडिलांचं नवीन पत्र आलं तर मी समितीसमोर ठेवते. बैठक गुरुवारी आहे. शुक्रवारी गाडी. काय म्हणतील, सांगता येत नाही."

रविवारी पुंडलिकराव पत्र घेऊन आले. इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि चपला दाराबाहेर काढल्या. पत्रात त्यांनी 'माझी मुलगी आचल, सासरचे नाव समीक्षा' असं लिहिलं होतं, आणि खाली सही. हेमराजनं ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "पाह्यता का?"

"पाह्यता येते?"

"दार जास्त वेळ उघडं नाई ठेवता येत. मी दाखवीन आन् लगेच ठेवीन. हात नाई लावाचा."

त्यानं जाड हातमोजे घातले. दार उघडलं, तशी पांढरी वाफ दोघांच्या पायांवर उतरली. तिसऱ्या कप्प्यातला डबा ओढून त्यानं एक नळी वर धरली. करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी. तिच्यावर बर्फाची भुकटी होती आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर नाव नव्हतं. नंबर होता आणि तारीख होती, तीन नोव्हेंबर. पुंडलिकरावांचे ओठ हलले. हेमराजनं नळी ठेवली, दार लावलं, खिटी सरकवली.

"तीन तारखेले फोन आलता तिचा," पुंडलिकराव म्हणाले. "दुकानात होतो मी. म्हणे, बाबा, आजच टोचून आली, दंड दुखते. आन् म्हणे, आईलेही सांगू नका अजून, तिसरा पूर्ण होऊ द्या. हासत होती हो. कोणाले नाई सांगितलं मी." त्यांनी फ्रीझरच्या बंद दारावर तळहात टेकला. वरून ते दार गरम असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. हात त्यांनी काढला नाही.

त्या संध्याकाळी पाच वाजता हेमराजचा फोन वाजला. इतक्या वर्षांत या वेळेला त्याला फक्त कार्यालयाचा फोन येई. आज पुंडलिकराव होते. "हेमराजभाऊ, किती हाय?"

"उणे एकोणऐंशी."

"बरं." आणि फोन बंद.

सोमवारी उणे अठ्ठ्याहत्तर. मंगळवारी वीज गेली, जनरेटर लागला, तरी उणे शहात्तरच्या वर त्यानं आकडा जाऊ दिला नाही आणि तसं सांगितलं. बुधवारी पुंडलिकरावांनी विचारलं, "जेवता काय तुमी? करून कोण घालते?" हेमराज म्हणाला, "मीच. वरण-भात." त्यावर ते म्हणाले, "तूप घेत जा." एवढंच. पण रात्री वरणावर तूप घेताना हेमराजला उगाचच बरं वाटलं. त्याच रात्री सुलोचनाचा फोन आला. "मशीन रिकामं होणार म्हणता शुक्रवारी. मग आता काय करणार?"

"पाहू."

"हं," ती म्हणाली. मागं नातू काहीतरी मागत होता. "तब्येत सांभाळा." या म्हणाली नाही, आणि हेमराजनंही येऊ का म्हणून विचारलं नाही.

गुरुवारी तो दिवसभर फोनच्या शेजारी बसून होता. चार वाजता सुरभी बोलली. "काका, ठेवा म्हणाले. तास गेला भांडणात. शेवटी म्हणाले, दुसऱ्या नमुन्याचं माहीत नसताना केलेली सही याला लागू होत नाही. दोन्ही नंबर एक करून टाकले मी." हेमराजनं जामला फोन लावून तेच सांगितलं. पलीकडून नुसता हॉर्नचा आवाज येत राहिला. मग पुंडलिकराव कोणा गिऱ्हाइकाला म्हणाले, "दुकान बंद हाय."

शुक्रवारी अकरा वाजता गाडी आली. कोरड्या बर्फाच्या पेट्यांमध्ये सहा वर्षं भरून झाली तेव्हा साडेबारा वाजले होते. चारशे सतराचा डबा हेमराजनं स्वतः ठेवला, मधोमध, जिथं थंडी सगळ्यात जास्त टिकते. गाडीबरोबर आलेल्या माणसाला त्यानं विचारलं, "तिकडे कोण पाह्यते आकडा?"

"कोणी नाही काका. आपोआप आहे सगळं. वर गेला तर मोबाइलवर कळतं."

गाडी वळेपर्यंत तो दारात उभा होता. मग आत येऊन त्यानं फ्रीझरचं बटण बंद केलं, दार उघडं राहावं म्हणून खाली वीट लावली आणि वितळणाऱ्या पाण्यासाठी फडकं टाकलं. सहा वर्षांचं घरघरणं थांबलं होतं. खोली इतकी शांत झाली की त्याला आपलीच चप्पल वाजल्यासारखी वाटली. घरी जायला हरकत नव्हती. तो खुर्चीवर बसून राहिला.

पाच वाजता त्याचा हात आपोआप वहीकडं गेला. दारावरचा आकडा विझलेला होता. फोन वाजला.

"गेली?"

"गेली. मधातल्या पेटीत ठेवली. थंडी चांगली राह्यते तिथं."

"बरं झालं." पुंडलिकराव म्हणाले. "किती हाय?"

"मशीन बंद केलं पुंडलिकराव. आता काही नाई राह्यलं इथं."

"थे मालूम हाय मले. तुमी हा ना तिथं? तुमच्या खोलीत किती हाय?"

हेमराजनं वर पाहिलं. भिंतीवर एक साधा तापमापक होता. सहा वर्षांत त्याच्याकडं कोणी पाहिलं नव्हतं. पुढं होऊन त्यानं त्याच्यावरची धूळ बोटानं पुसली.

"अडतीस."

"लिहा मंग. पाच वाजले."

त्यानं लिहिलं. अडतीस, पाच वाजून तीन मिनिटं, सही. मग पट्टी घेतली आणि उद्याच्या सकाळच्या नऊसाठी खाली एक रेघ मारून ठेवली.