पालथा हात

माझ्या भाचीला जुळं झालं, त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. दोन्ही मुलगे. एक रडायचा थांबला की दुसरा सुरू करायचा, जणू दोघांनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून भाची पोरांना घेऊन बापाकडे राहायला आली होती. बाप म्हणजे माझे दाजी, ताईचे यजमान. रेसचे घोडे तयार करणारे ट्रेनर. पागेच्या कुंपणाला लागून त्यांच्या तीन खोल्या होत्या आणि त्या उन्हाळ्यात त्यातली एकही झोपण्याच्या कामाची नव्हती.

मी त्यांच्या पागेचा नालबंद. बायकोच्या भावाला कामावर ठेवलं म्हणून लोक त्यांना चिडवायचे. दाजी म्हणायचे, "नाल बाहेरचा माणूसही ठोकतो, पण शिव्या खाऊन वर जेवायला थांबणारा मेहुणाच हवा."

उन्हाळी हंगाम म्हणजे घाईचा हंगाम. घोड्यांची दौड ऊन चढायच्या आत आटपावी लागते, नाहीतर जनावर उभ्या उभ्या खलास. त्यामुळे अंधारातच खोगिरं चढायची. तांबडं फुटेपर्यंत दाजी रेतीच्या मार्गाच्या कडेला घड्याळ मुठीत धरून उभे असायचे. मग घोडे फिरवून थंड करायचे, अंगावर पाणी मारायचं, खिडक्यांना ओली पोती बांधायची. कोणाला घाम येतोय, कोणाला येत नाही, ते बघत फिरायचं. घाम येणाऱ्याची काळजी कमी आणि न येणाऱ्याची जास्त. दुपारी माणसं आणि जनावरं दोन्ही जीभ टाकून पडलेली. दाजी मात्र तेव्हाही या दारातून त्या दारात.

त्यांची एक पद्धत होती. रोज दौडीच्या आधी आणि संध्याकाळी ते प्रत्येक घोड्याच्या पायांपाशी उकिडवे बसायचे आणि गुडघ्याखाली मागच्या शिरेवरून हात फिरवायचे. तळहात नाही, पालथा हात. "तळहाताला घट्टे पडतात," म्हणायचे, "तो खोटं बोलायला शिकतो. पालथा हात भोळा असतो." घोड्याची शीर दुखावणार असली की आधी ती तापते. सूज नंतर येते, लंगडणं त्याहून नंतर. जो माणूस तापलेली शीर आधी ओळखेल त्याचा घोडा वाचतो. आमच्या पागेत दाजींच्या हाताच्या पुढे कोणाचा शब्द नव्हता.

त्या हंगामात सगळी पागा एका घोडीभोवती फिरत होती आणि घोडी स्वतःभोवती. तिचं शर्यतीतलं नाव लांबलचक होतं. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. बंद खोलीत ती सारखी गोल गोल फिरायची. खालच्या जमिनीला तिने खळगा पाडला होता आणि तिचे नाल आतल्या बाजूने इतके झिजायचे की मी वैतागून जायचो. पण पळायला सोडली की सरळ बाणासारखी. उन्हाळ्याचा मोठा करंडक हंगामाच्या मधल्या एका रविवारी असायचा आणि दाजींना तो कधीच मिळाला नव्हता. त्यांचे घोडे दुसरे इतक्या वेळा आले होते की माघारी त्यांना 'दोन नंबर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. भिंगरीच्या मालकीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की या हंगामानंतर घोडी पैदाशीसाठी जाणार. म्हणजे तो एकच रविवार.

गुरुवारी शेवटची जोराची दौड झाली. जॉकी उतरला तो हसतच उतरला. दाजींनी घड्याळ बघितलं, परत बघितलं आणि खिशात टाकलं. डोळे लाल, ओठ सुकलेले, घसा बसलेला. पण त्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाचे डोळे लालच होते. जुळ्यांच्या कृपेने.

"दाजी, जरा पडा कुठेतरी," मी म्हणालो.

"रविवारनंतर पडतो. तू सांगशील तिथे पडतो."

शुक्रवारी सकाळी मी भिंगरीला शर्यतीचे हलके नाल बसवत होतो. पुढचा डावा खूर मांड्यांत धरला होता. नाल लावताना माझं मनगट तिच्या शिरेला टेकलं आणि मी थांबलो. उजवा पाय उचलून बघितला. पुन्हा डावा. मग हातोडी खाली ठेवली.

"दाजी, हा पाय बघा जरा."

ते आले, बसले, पालथा हात लावला. बराच वेळ तसेच बसले. "थंडगार आहे."

"मला गरम लागला."

"तू भट्टीपुढून उठून आलायस. तुला सगळं जगच गरम लागणार."

"भट्टी आज पेटवलीच नाही. हे नाल थंडच बसवतात."

"मग उन्हाने लागला असेल." त्यांनी घोडी धरून उभ्या असलेल्या मोतद्दाराकडे बघितलं. "तू सांग रे. तू हिचा खरारा करतोस."

मोतद्दार मोठ्या मिशांचा, पण खाली मान घालून राहणारा माणूस. "मला कशाला मध्ये घेता साहेब? तुमचा हात थंड म्हणाला की माझ्यासाठी थंड."

"डॉक्टरला बोलवू," मी म्हणालो. घोड्यांचा डॉक्टर रविवारी सकाळी येणारच होता, सगळ्यांना तपासायला.

"शुक्रवारी डॉक्टर आपल्या दारात दिसला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मैदानाला कळेल. उगाच अपशकुन करू नकोस. नाल बसव."

मी नाल बसवले. पण मनात खुटखुट राहिली ती राहिलीच. दाजींचा हात चुकत नाही हे मलाही माहीत होतं आणि माझं मनगटही माझंच होतं.

दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. घरात विचित्र शांतता होती. धाकटं पोर रडतच नव्हतं. भाची त्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, हा दूधच घेत नाहीये," ती म्हणाली. मग दारात बापाला बघून, "बाबा, याला हात लावून बघा ना. अंग गरम वाटतंय."

दाजींनी वाकून पोराच्या कपाळाला पालथा हात लावला, घोड्याला लावतात तसाच. "छे. काही नाही. उलट गार आहे. उकाड्याने मलूल झालंय."

ताई आतून हात पुसत आली. तिने पोर उचलून गालाला लावलं आणि ओरडलीच, "गार? अहो, पोर तव्यासारखं तापलंय!" मग तिने दाजींचं मनगट पकडलं. ते सोडून त्यांच्या मानेला हात लावला. "आणि तुम्ही? तुम्ही तर त्याच्याहून तापलाय. कधीपासून आहे हे?"

"मला काही झालेलं नाही."

"काही झालेलं नाही म्हणे. स्वतःचं अंग भाजतंय म्हणून लेकरू गार लागलं तुम्हाला."

दाजी पोराकडे बघत नव्हते, ताईकडेही नाही. ते आपल्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांच्या मनात एकच पाय होता.

भाचीबरोबर मी पोराला दवाखान्यात नेलं. औषध मिळालं, आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की घाबरण्यासारखं नाही, हा ताप सध्या सगळीकडे आहे. परत आलो तेव्हा दाजी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. ताई गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या मागे मागे.

"गोळी घ्या म्हणते मी."

"घेतो. आधी तू पागेत चल."

ताई थबकली. ती पागेला सवत म्हणायची. सवतीच्या दारात मी पाय ठेवणार नाही, असं नव्या नवरीपणी म्हणाली होती आणि इतकी वर्षं पाळलं होतं.

"मी कशाला?"

"तुझा हात हवाय."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "आधी गोळी," ती म्हणाली. त्यांनी गिळली. मग ती पदर खोचून निघाली.

भिंगरी फिरतच होती. मोतद्दाराने तिला कशीबशी एका जागी धरली. दाजींनी ताईला कुठला पाय ते सांगितलं नाही. मलाही डोळ्यांनी गप्प केलं. "पुढचे दोन्ही पाय बघ. गुडघ्याच्या खाली, मागच्या बाजूला. पोराला बघतेस तसं बघ."

ताई घाबरत घाबरत बसली. घोडीने कान मागे टाकले. "ही लाथ मारेल का हो?"

"तुला नाही मारणार. तिलाही माणसं कळतात."

"बघा हं. मारली तर घरी परत येणार नाही, इथेच राहीन सवतीच्या उरावर."

मोतद्दार मिशीत हसला. ताईने उजव्या पायाला हात लावला, मग डाव्याला. पुन्हा उजव्याला. डाव्यावर तिचा हात थांबला.

"हा. हा तापलाय."

"नीट बघ."

"बघितलं."

"परत एकदा बघ."

"अहो, तापलेलं अंग कळायला घोडा पाळावा लागत नाही. तुम्ही विचाराल तितक्यांदा हा तापलेलाच राहील."

मग मोतद्दार हळूच म्हणाला, "साहेब, बर्फ लावू. आज, उद्या, दोन्ही दिवस. रविवारपर्यंत गार पडेल. लंगडत तर नाहीच आहे. डॉक्टरला तरी काय दिसणार?"

खोटं नव्हतं ते. आम्हाला तिघांनाही माहीत होतं की तसं होऊ शकतं आणि बाकीच्या पागांमध्ये तसं होतंही. दाजी दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधल्या वाटेवरून चालत सुटले. टोकापर्यंत जायचे, वळायचे, भिंगरीच्या दाराशी थांबायचे, पुन्हा चालायचे. आत ती फिरतेय, बाहेर हे फिरतायत. मला तर गरगरायला लागलं.

"ठरवा काय ते, नाहीतर घरी चला," ताई म्हणाली.

"हा एकच रविवार आहे गं. तुला कळत नाही."

"मला तुमचे सगळे रविवार कळतात," ती म्हणाली. "इतकी वर्षं दुसरं काय बघितलं मी?"

मोतद्दाराने तोवर बर्फाची बादली आणून दाराशी ठेवली होती. दाजींनी ती बघितली. "आता नको," म्हणाले. "सकाळी मी स्वतः बघतो. गोळीने माझा ताप उतरेल तेव्हा." आणि ताईच्या मागून घरी गेले.

शनिवारी मी उजाडायच्या आधीच पोचलो. बर्फ विरघळून बादलीत पाणी झालं होतं. दाजी घामाने भिजलेले होते. ताप उतरला होता. त्यांनी तोंड धुतलं, हात पुसला, थोडा वेळ हवेत धरला आणि घोडीपाशी बसले. मोतद्दार श्वास रोखून उभा. दाजी उजव्या पायापाशी थोडंच बसले. डाव्यापाशी इतका वेळ बसले की घोडीनेच कंटाळून त्यांच्या खांद्याला तोंड घासलं.

मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"काय?" मी विचारलं.

"काय काय? तुझी भट्टी पेटलेली नव्हती, एवढंच." ते बाहेर पडले. "मालकीणबाईंना फोन करतो. नाव मागे घेतो."

मालकीणबाई काय म्हणाल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फोन मात्र लवकर संपला.

रविवारी ते मैदानावर गेले नाहीत. घरी बसवेना, म्हणून पागेत आले. तिथे बसवेना, म्हणून अंगणात. मैदानाच्या भोंग्यावरचा आवाज पागेपर्यंत ऐकू यायचा. मोठी शर्यत सुटली तेव्हा सगळे मोतद्दार कुंपणापाशी गोळा झाले. जो घोडा जिंकला त्याला भिंगरीने हंगामाच्या सुरुवातीला चांगलं मागे टाकलं होतं. मोतद्दार थुंकला. "ज्याला आपण धूळ चारली तो करंडक घेऊन गेला." कोणीतरी त्याला गप्प केलं. दाजी कुंपणाकडे पाठ करून वळले. मग म्हणाले, "सगळ्यांना पाणी दिलं का? ऊन बघितलंत का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने यंत्र लावून पाय तपासला. शिरेत दुखापतीची सुरुवात होती, बारीकशी. विश्रांती द्या म्हणाला.

"पळाली असती तर?" दाजींनी विचारलं.

डॉक्टर भला माणूस होता. "नक्की सांगता येणार नाही. कदाचित शेवटच्या वळणावर पाय गेला असता. कदाचित काहीच झालं नसतं आणि जिंकली असती."

तेवढ्याने दाजी काय समाधानी होणार? उरलेला हंगाम मी नाल ठोकत असताना येऊन बसायचे. इकडचं तिकडचं बोलायचे. मग मध्येच, "तुला काय वाटतं? पळाली असती तर?" मी कधी म्हणायचो, पाय गेला असता. कधी म्हणायचो, मला माहीत नाही. एकदा वैतागून म्हणालो, "दाजी, तुम्हाला काय ऐकायचंय ते एकदा सांगा, म्हणजे तेच सांगतो." ते हसले. पण प्रश्न थांबला नाही. ताई म्हणायची, झोपेतही बडबडतात.

हंगाम संपला तेव्हा भिंगरीला न्यायला गाडी आली. ती चढेना. दाजींनीच तिला बोलत बोलत वर नेली. गाडीचं दार लावण्याआधी त्यांनी खाली बसून डाव्या पायाला हात लावला. बाहेर आले, मोतद्दाराला म्हणाले, "गार आहे," आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या घोड्याकडे निघून गेले.

दाजी पुढच्या वर्षी गेले. उन्हाळी हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी, दुपारी, जेवण झाल्यावर.